नवं बिट घातलं की दहा दिवस बरं, मग पुन्हा तेच

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते ताडता येईल. तीन-साडेतीन वर्षांची घोडी. मोहरकीवर, म्हणजे तोंडात काही नसलेल्या नुसत्या मुखपट्ट्यावर, अगदी गरीब, मागे मागे चालत येते. पण तोंडात बिट, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा दांडा, आलं आणि वाद्या, म्हणजे लगामाचे हातातले पट्टे, जराशा ताणल्या की डोकं वर फेकते, तोंड उघडते, जीभ बिटाच्या वर काढते, कधी खालचा जबडा एका बाजूला सरकवते. तुम्ही बिट बदलता. घोडी शहाण्यासारखी चालायला लागते, घरात सगळे खूश. दहा-बारा दिवस जातात आणि पुन्हा डोकं हवेत. पुन्हा नवं बिट, पुन्हा दहा बरे दिवस. माझ्याकडे हे सात महिने चाललं आणि तबेल्यातल्या खुंटीवर पाच बिटं लटकली.

घोडी काठेवाडी, रंगाने कुमैत, कपाळावर लहानसा टिळा. नाव मैना. दत्तजयंतीला बडोद्याहून सारंगखेड्याच्या यात्रेला जायचं, घोडे बघायचे, जमलं तर एखादा आणायचा, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. तापीकाठच्या त्या गर्दीत विकणाऱ्याने तिला रहवाल चालीत, म्हणजे धक्का न देणाऱ्या झपझप चालीत, काढलं आणि माझा भाऊ हरखून गेला. मीही तिचे पाय बघितले, खूर उचलून बघितले, पाठीवरून हात फिरवला. तोंडात मात्र बघितलं नाही. तिच्या तोंडात तेव्हा काटेरी कडियाळं होतं, आणि ते दिसत असूनही मी पुढचा विचार केला नाही. पुढच्या सात महिन्यांचं मूळ तिथे आहे.

शब्दांचं आधी सांगून टाकते. आमची आजी कडियाळं म्हणायची, आमचा पादरा गावचा मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारा) चोकडुं म्हणतो, शिकायला येणारी मुलं बिट म्हणतात. दुकानात मागताना बिटच म्हणावं लागतं, म्हणून इथे तोच शब्द ठेवते.

दहा दिवस बरे का जातात

याचं उत्तर मिळालं तेव्हा बाकीचं आपोआप उलगडलं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक बिनदातांची मोकळी जागा असते. बिट तिथेच बसतं. खालच्या जबड्याची तिथली कड कशी असते हे कळायला स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबून बघा. कातडी, आणि लगेच हाड. मध्ये मांसाची गादी नाही. बिटाचा दाब या कडेवर येतो, जिभेवर येतो, ओठांच्या कोपऱ्यांवर येतो, आणि काही बिटांचा टाळूवरही येतो. कोणत्या बिटाचा दाब कुठे जास्त, हे त्याच्या घडणीवर ठरतं.

आता समजा कडेवर जखम आहे आणि तुम्ही जिभेवर भार टाकणारं बिट घातलं. दुखऱ्या जागेला आराम मिळतो, घोडी शांत होते. पण ते बिटही तिच्या मापाचं नसेल तर दहा दिवसांत जीभ दुखायला लागते. मग तिसरं बिट, मग ओठ. प्रत्येक वेळी मला वाटायचं की हे चालत होतं, घोडीच बिघडली. घोडी बिघडली नव्हती. दुखणं तोंडातल्या तोंडात फिरत होतं.

म्हणून पहिली विनंती: डोकं झटकायला लागल्यावर लगेच बिट बदलू नका. बिट काढून ठेवा.

बिटाशिवाय तीन दिवस

मोहरकीवर किंवा कॅव्हसनवर (नाकपट्टीला दोरीची कडी असलेल्या मोहरकीवर) लांब दोरीने गोल फिरवा. तीन दिवस, रोज त्याच वेळी, त्याच जागी, दोन्ही बाजूंनी, दुडकीपर्यंत. बिट नसतानाही डोकं झटकत असेल तर तुमची अडचण दुसरी आहे. माशा, कानातल्या गोचिड्या, डोळे, नाक, मान, पाठ, टोचणारं खोगीर यांकडे वळा. खोगीर घालून एकदा आणि उघड्या पाठीवर एकदा फिरवलं तर तोही भेद कळतो. मैना तिन्ही दिवस मान खाली सोडून छान फिरली. म्हणजे दुखणं तोंडातच.

तोंडात काय निघालं

खरं तर आमच्या मोतद्दाराने दुसऱ्या बिटाच्या वेळीच सांगितलं होतं, “बेन, चोकडुं नहीं, दांत बतावो दाक्तरने.” मी दातांचं म्हातारपणी बघायचं असतं अशा समजुतीत होते. हे अगदी उलटं आहे. अडीच ते साडेचार या दोन वर्षांत घोड्याच्या तोंडात जेवढी उलथापालथ होते तेवढी पुढे आयुष्यभर होत नाही. पुढचे दुधाचे दात मधून कडेकडे साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना पडतात. वरखाली, दोन्ही बाजूंच्या पहिल्या तीन-तीन दुधाच्या दाढा सुमारे अडीच, तीन आणि चार वर्षांना टोपीसारख्या निघून येतात. नरांना चार-पाच वर्षांच्या सुमारास सुळे फुटतात. आणि नेमक्या याच वयात आपण पहिल्यांदा तोंडात धातू घालतो.

डॉक्टर आले, तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं, तोंड उघडं ठेवणारी चौकट बसवली आणि कपाळाला बॅटरी लावून आत बघितलं. मग मला हात धुवायला लावले आणि माझं बोट धरून आतून फिरवलं. ते मी विसरणार नाही. वरच्या उजव्या बाजूला, पहिल्या दाढेच्या जरा पुढे, हिरडीतून हरभऱ्याच्या डाळीएवढा एक दात वर आलेला. त्याला वुल्फ टूथ म्हणतात. बऱ्याच घोड्यांना असतो, पहिल्या वर्षातच येतो, चावायला त्याचा काही उपयोग नसतो. वादी ओढली की बिट ओठाच्या आतलं कातडं मागे ढकलतं आणि ते या दातावर चेपलं जातं. काही वेळा असा दात हिरडीच्या खालीच राहतो, वरून दिसत नाही, बोटाला मात्र लागतो.

दाढांच्या कडा सुरीसारख्या. वरच्या दाढांची धार गालाकडे असते, खालच्यांची जिभेकडे. गालाच्या आत दोन लांबट पांढरे चट्टे होते. जिभेखाली एक बारीक व्रण होता आणि त्यात गवताचं कुसळ अडकलेलं. पावसाळ्यानंतरचं वाळलं गवत आणि कुसळ असलेलं भूस टाकताना हे लक्षात ठेवा. तोंडातून लाळ, श्वासाला वास, आणि अचानक बिटाला विरोध असं एकदम दिसलं तर कुसळाची शंका घ्या.

आणि शेवटी डाव्या कडेवर बोट आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “इथे थांबा.” हाडावर वाटाण्याच्या दाण्याएवढा टणक उंचवटा. जुना मार भरून येताना हाडाने धरलेली गाठ. काटेरी कडियाळ्याची खूण असावी असं त्यांचं मत पडलं. मी बोट ठेवलं आणि गुंगीतसुद्धा मैनेने डोळा मिटला.

हे काटेरी प्रकरण अजून जत्रांमधून, वरातीच्या घोड्यांच्या तोंडात सर्रास दिसतं. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले, त्यांत काटे किंवा टोकं असलेलं बिट वापरायला बंदी आहे. पण नियम दूर ठेवा. ज्या घोड्याला पहिल्या वर्षी असं थांबवायला शिकवलं, त्याला पुढे हलका हात समजायला फार वेळ लागतो. विकत घेताना घोड्याच्या तोंडात काटेरी दिसलं तर कडेवर अंगठा फिरवल्याशिवाय पैसे काढू नका.

वुल्फ टूथ काढला, दाढांच्या धारा घासल्या. दात काढल्यावर निदान दोन आठवडे बिट घालू नये. आम्ही व्रण आणि चट्टे पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे जवळपास सहा आठवडे थांबलो. त्या काळात ती मोहरकीवरच चालली, थांबायला शिकली, आवाजावर वळायला लागली. वेळ वाया गेला नाही.

बडोद्याच्या लोकांना सांगायचं तर आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. गायी-म्हशी बघणारे सगळेच डॉक्टर घोड्याच्या दाढा घासत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. दात काढणं किंवा घासणं हे काम गावातल्या कुणा हुशार माणसाकडून कानशीने करून घेऊ नका. जास्त घासलेला दात परत येत नाही.

माझी पाच बिटं आणि त्यांचे दोष

तोंड बरं झाल्यावर ती पाच बिटं मी ओट्यावर मांडली आणि एकेक हातात घेतलं. पहिलं बारीक, मध्ये एक सांधा, दोन्ही टोकांना फिरत्या मोठ्या कड्या. एका सांध्याचं बिट दोन्ही वाद्या एकदम ओढल्या की अडकित्त्यासारखं मिटतं. दोन्ही पाती जीभ आणि कडा दाबतात, सांधा वर उचलला जातो आणि टाळू बसकी असेल तर तिथे टेकतो. मैनेची टाळू बसकी आहे.

दुसरं रबराचं, जाडजूड. मऊ म्हणून मोठ्या प्रेमाने आणलेलं. जाड बिट म्हणजे मऊ बिट हे मी किती जणांकडून ऐकलं असेल. दाब मोठ्या जागेवर पसरतो हे खरं, पण आत जागा असेल तर. काठेवाडीचं तोंड लहान, मुस्कट निमुळतं, आणि मैनेची जीभ मांसल. वीस मिलिमीटरचा रबरी दांडा आत गेल्यावर तिला तोंड मिटताच येत नव्हतं. शिवाय रबर कोरडं पडलं की ओठाला धरतं. तिसरं पोकळ, जाड, एका सांध्याचं. त्यात पहिल्या दोघांचेही दोष.

चौथं घडणीने बरोबर होतं. दोन सांधे, मध्ये गुळगुळीत लहान गोळा. पण मापाने साडेपाच इंची, म्हणजे जवळजवळ १४० मिलिमीटर. एक वादी ओढली की अख्खं बिट त्या बाजूला घसरायचं, मधला गोळा जिभेवरून सरकायचा आणि सांधा नेमका डाव्या कडेवर, त्या गाठीवर यायचा. याच बिटाला मी सगळ्यात लवकर ‘वाईट’ ठरवून टाकलं होतं.

पाचवं सरळ, किंचित कमान असलेलं, प्लास्टिकचं. तोंडात हलणारं काही नको असणाऱ्या घोड्यांना असं स्थिर बिट आवडतं. पण त्याचा जवळजवळ सगळा भार जिभेवर येतो, आणि मांसल जिभेची घोडी जीभ त्याच्या वर काढून मोकळी होते. मैनेने तेच केलं.

माप असं घ्या

रुंदीसाठी बोटाएवढ्या जाडीची गुळगुळीत काठी घ्या, दोन्ही टोकांना एकेक रबरबँड चढवा. काठी बिटाच्या जागी आडवी धरा, रबरबँड दोन्हीकडून ओठाला टेकतील असे सरकवा, मग बाहेर काढून मोजपट्टी लावा. मैनेचं माप ११३ मिलिमीटर आलं. टोकांच्या कड्या फिरत्या असतील तर दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर जास्त ठेवतात, नाहीतर ओठ कडीच्या भोकात चिमटतो. कड्या जोडलेल्या असतील तर त्याहून थोडं कमी चालतं. म्हणजे तिला पावणेपाच इंची, १२० मिलिमीटरच्या आसपासचं हवं होतं. मी पाच आणि साडेपाच इंचीच आणत गेले, कारण दुकानात तेच समोर टांगलेले असतात.

जाडीचा अंदाज बोटांनी येतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेत बाजूने तर्जनी आणि मधलं बोट एकावर एक घाला आणि घोडीला तोंड मिटू द्या. दोन्ही बोटं आरामात राहिली तर जागा आहे. वरचं बोट टाळूला घट्ट दाबलं गेलं तर जाड बिटाचा विचार सोडा. हात दाढांपर्यंत नेऊ नका, आणि हे पहिल्यांदा जाणत्या माणसाबरोबर करा. कोवळ्या घोडीला साधारण १४ ते १६ मिलिमीटरमधलं काहीतरी बसतं. मैनेला १४ बसलं. अगदी बारीक बिट हाडावर दोरीसारखं कापतं, तेव्हा जागा कमी म्हणून दहावर उतरू नका.

घडणीचं म्हणाल तर बहुतेक कोवळ्या तोंडांना मी दोन सांध्यांचं, मध्ये गोल किंवा बदामी तुकडा असलेलं बिट आधी घालून बघेन. मधला तुकडा चपटा आणि तिरका असेल तर घेऊ नका. वादी ताणली की त्याची कड जिभेत रुतते. दोन्ही प्रकार दुकानात शेजारी टांगलेले असतात आणि लांबून सारखे दिसतात. कड्यांबद्दल, ज्या घोडीला तोंडात हालचाल नको तिला जोडलेल्या अंडाकृती कड्या, जी बिटावर भार टाकून लोंबकळते तिला फिरत्या.

धातू स्टेनलेस स्टील असला तरी चालतो. तांबं मिसळलेल्या किंवा गंज धरणाऱ्या साध्या लोखंडाच्या (स्वीट आयर्न) बिटाने काही घोड्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, त्या बिट चघळतात आणि जबडा सैल सोडतात. चकचकीत मुलामा दिलेलं स्वस्त बिट मात्र नको. मुलामा उडाला की पापुद्र्याला धार येते. जुनं-नवं कोणतंही बिट घेताना मी आता पर्समधून जुना नायलॉनचा मोजा काढते आणि सबंध बिटावरून, सांध्यांतून, कडीच्या भोकातून फिरवते. धागा जिथे अडकतो तिथे ओठ अडकणार. दुकानदार बघत राहतो, बघू दे.

बसवणं आणि हात

बिट ओठाच्या कोपऱ्याला टेकेल आणि एक हलकी सुरकुती पडेल इतकं वर घ्या. दोन सुरकुत्यांचा जो नियम सांगतात तो प्रत्येक ओठाला लागू पडत नाही. जाड ओठाला कमी पडतात, पातळ ओठाला जास्त. खाली फार सैल राहिलं तर जीभ वर काढायला आपणच जागा करून देतो. नाकपट्टीखाली, नाकाच्या हाडावर, दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तोंड उघडते म्हणून पट्टी आवळली तर घोडी दुखतंय हे दाखवायचं थांबते, दुखायचं थांबत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात उन्हात टांगलेलं बिट हाताला चटका देतं, ते तसंच जिभेवर जातं. जानेवारीच्या पहाटे तेच बर्फासारखं असतं. कोमट पाण्याच्या बादलीत मिनिटभर बुडवलं की झालं. घालताना पुढच्या दातांवर आपटू नका, अंगठा बिनदातांच्या जागेत घालून तोंड उघडू द्या. पहिले काही दिवस नुसतं घालून पंधरा मिनिटं उभं करायचं, वाद्या लावायच्याच नाहीत. मी थोडा गूळ चोळायचे. आता ती स्वतः तोंड पुढे करते.

त्यानंतर मोहरकी आणि बिट दोन्ही एकदम, वाद्यांच्या दोन जोड्यांनी. थांबवणं, वळवणं मोहरकीच्या वादीने, बिटाची वादी नुसती हातात. आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं काम बिटाकडे. आणि मानेत एक गळपट्टा, तोल गेला तर धरायला. शिकाऊ मुलांना कोवळ्या घोडीवर बसवायचंच असेल तर त्यांच्या हातात गळपट्टा द्या, वाद्या देऊ नका. माझ्या भाचीला याचं खूप वाईट वाटलं होतं. तिला मी वाद्यांचं एक टोक धरायला लावलं, दुसऱ्या टोकाला मी बसले आणि डोळे मिटून तिच्या हाताची प्रत्येक हालचाल तिला सांगत गेले. तिने विचारलं, “आत्या, एवढं कळतं?” मग तिनेच गळपट्टा मागितला.

बिटाशिवायची लगाम हाही रस्ता खुला आहे. आमच्याकडे दुसऱ्या एका घोड्याचं आयुष्य त्याच्यावर मजेत चाललंय. फक्त नाकपट्टी हाडावर यायला हवी, गालाच्या हाडापासून दोन बोटं खाली. नाकपुडीजवळच्या मऊ भागावर आली तर तिथेही दुखतं.

इतकं करून डोकं झटकणं परत आलं तर? आमच्याकडे एकदा आलं, चार महिन्यांनी. या वेळी बिट खुंटीवर गेलं आणि तीन दिवस मोहरकी चढली. मग तोंड उघडलं तर दुधाच्या दाढेची टोपी अर्धी सुटून हिरडीला टोचत होती. डॉक्टरांनी काढली, दहा दिवस आराम, आणि तेच जुनं १४ मिलिमीटरचं, पावणेपाच इंची बिट परत तोंडात. साडेचार वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दात आणि दर वेळी काठीने माप, असं तबेल्याच्या दारामागे खडूने लिहून ठेवलंय. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. पुढचे कडेचे दुधाचे दात तेव्हा हलायला लागलेले असतील.